टकटक काकू

गल्लीत तिला सगळे टकटक काकू म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण पाठीमागचं नाव तोंडावर यायला गल्लीत कितीसा वेळ लागतो? ती स्वयंपाकाला उभी राहिली की हातातला कालथा भांड्याच्या काठावर आपटायची. टक. मग थोड्या वेळाने टक टक. शेवटी टक टक टक, की गॅस बंद. वरच्या मजल्यावरच्या बाई घरात ओरडायच्या, "चला रे, टकटक काकूंचं झालं, आपलीही पानं घ्या!" आणि सगळं बिऱ्हाड हसायचं.

बोलायची मात्र ती फार कमी. लहानपणापासून तिची जीभ अडखळायची. शब्दाच्या पहिल्याच अक्षराशी गाडी अडायची, ओठ थरथरायचे, मान ताठ व्हायची, आणि समोरचा माणूस एक तर छताकडे बघायचा किंवा हसू दाबायचा. अशा वेळी माणूस काय करील? गप्प बसेल. तीही गप्प बसली.

आणि नवरा? देवाने जोड्या जमवताना हिशोब बरोबर केला होता. हिची सगळी शिल्लक त्याला देऊन टाकली होती. उभा जन्म त्याने बसमध्ये कंडक्टर म्हणून काढला. प्रवाशाने "एक..." म्हणायचा अवकाश, हा तिकीट फाडून मोकळा. "बाजारच ना? पुढे सरका, पुढे सरका, दारात लोणचं घालताय का?" गर्दीच्या बसमध्ये लोकांची वाक्यं पुरी होईपर्यंत थांबलं तर गाडी आगारात कधी पोचायची? त्यामुळे दुसऱ्याचं वाक्य पुरं करायची सवय त्याच्या हाडीमासी खिळली होती. निवृत्त झाला, पिशवी गेली, गणवेश गेला, सवय तेवढी उरली.

घरी ही सवय चांगलीच पोसली गेली. बायकोने "सा" म्हटलं की हा साखरेचा डबा घेऊन हजर. "दु" म्हटलं की दूध. त्याला वाटायचं, बिचारीचे कष्ट वाचवतो आपण. खोटं कशाला बोला, त्यात प्रेमही होतं. कधी चुकीचा डबा आला तर ती तोच घ्यायची आणि त्यात काहीतरी करायची. भांडायचं म्हटलं तरी तोंड उघडावं लागतं.

व्हिडिओंचं खूळ सुरू झालं ते लेकीमुळे. लेक नोकरीसाठी दूर होती. आईच्या हातच्या जेवणाची आठवण आली की फोन करायची. आई सांगायला लागली की मध्येच बाबा. आईने "मि" म्हटलं की बाबा "मीठ!" म्हणून मोकळे. तिला म्हणायची असायची मिरपूड. त्या आठवड्यात लेकीचं सूप असं खारट झालं की तिने फोन करून बाबांना फैलावर घेतलं.

"बाबा, हात जोडते, तुम्ही गप्प बसा. नुसते आईचे हात दिसतील असा व्हिडिओ काढा आणि पाठवा."

कंडक्टर स्टुलावर चढला, फोन धरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा दहा मिनिटं गप्प बसला. व्हिडिओत फक्त दोन हात, एक पातेलं आणि भांड्यातले आवाज. लेकीने खाली जिन्नस लिहिले आणि तो सगळ्यांना बघता येईल असा नेटवर टाकला. मग दुसरा टाकला. मग तिसरा. लोक बघू लागले. खाली लिहू लागले. स्वयंपाकाचे व्हिडिओ करणाऱ्या इतर बायका आपापली कहाणी सांगायच्या, कोणी सासूकडे शिकलेली, कोणी वसतिगृहात उपाशी राहून शिकलेली. हिलाही विचारायचे, "काकू, तुम्ही कुठे शिकलात? तुमच्याबद्दल सांगा ना."

कंडक्टर लगेच उत्तर टाइप करायचा, "घरीच." बायकोला विचारायची गरज त्याला कधी वाटली नाही. तिच्या आईची खाणावळ होती एवढं त्याला ठाऊक होतं, आणि तेवढं पुरे होतं.

बघणारे वाढले तसा कंडक्टर अर्ध्या हळकुंडाने पिवळा झाला. फोनवरच व्हिडिओ कापायचा, जोडायचा, रंग उजळायचा हे तो शिकला. आणि एक दिवस त्याला संगीत सापडलं. मग काय विचारता! कांदा परतायला बासरी, बटाटा उकळायला सतार, सूप वाढताना लग्नाचा बँड वाटावा असा गलबला. नाकापेक्षा मोती जड. संगीताखाली ती मेली टकटक झाकून गेली याचा तर त्याला विशेष आनंद. त्याने बायकोला बोलावून दाखवलं.

तिने शेवटपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, "ट... ट..."

"टकटक? काढली! कशी साफ गेली बघ! आता वाटतो की नाही मोठ्या लोकांसारखा?"

ती भांडी घासायला वळली. नळ जरा जास्तच मोठा सोडला होता, पण हे नंतर त्याच्या ध्यानात आलं.

असे चार-सहा व्हिडिओ झाल्यावर एक निरोप आला. लिहिलेला नव्हे, बोललेला. बाईचा आवाज, स्वच्छ आणि ठाम.

"नमस्कार. ज्यांची नजर मोठेपणी गेली, त्यांना आपलं घर पुन्हा सांभाळता यावं म्हणून आमचं एक केंद्र आहे. मी तिथे शिकवते. मलाही दिसत नाही. आमचा स्वयंपाकाचा वर्ग तुमच्याच व्हिडिओंवर चालतो. पण हल्ली संगीत इतकं मोठं असतं की काकूंचं बोलणं ऐकू येत नाही. ते बंद केलंत तर फार बरं होईल."

कंडक्टरने तो निरोप पुन्हा ऐकला. बोलणं? कुणाचं बोलणं? बाईंची काहीतरी गल्लत झाली असणार. गल्लत दुरुस्त करणं हा तर त्याचा धर्म. त्याने तिथल्या तिथे फोन लावला.

"बाई, तुमचा घोटाळा झालाय. आमची ही व्हिडिओत एक शब्द बोलत नाही."

बाई हसल्या. "बोलत नाहीत कशा? एक टक म्हणजे ढवळा. दोन म्हणजे पुढचा जिन्नस घाला. तीन म्हणजे आच बंद. जिन्नस आमचा फोन वाचून दाखवतो, पण कोणता कधी घालायचा ते काकूच सांगतात. सुरुवातीला आम्हालाही वाटलं, हात लागत असेल. मग सगळ्यांनी मिळून व्हिडिओ पुन्हा पुन्हा ऐकले. एकदाही चूक नाही हो! दोन वाजले की पुढच्या क्षणी चर्र आवाज येणारच. तुम्ही घरातलेच ना? तुम्हाला ठाऊक असेलच."

"हो, हो, म्हणजे काय," कंडक्टर म्हणाला आणि फोन ठेवून पलंगावर बसला.

बसमध्ये एक घंटी म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. त्याने आणि ड्रायव्हरने तोंडातून शब्द न काढता अख्खं शहर पालथं घातलं होतं. नवा ड्रायव्हर आला आणि त्याला घंटी कळली नाही, तर हा त्याला शेलक्या शिव्या हासडायचा. आणि इथे स्वतःच्या घरात, पातळ भिंतीपलीकडे, रोज दोन वेळा घंट्या वाजत होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्याला स्वतःची लाज वाटली.

मग तो स्वयंपाकघरात गेला. "एक म्हणजे ढवळा?" त्याने विचारलं.

बायकोचा हात थांबला. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू तो अचानक तिच्या माहेरचा कोणी निघाला होता.

"कुठे शिकलीस हे?"

"आ... आई..."

"आईने शिकव..."

तिने ओला हात त्याच्या तोंडावर ठेवला. ठेवला तो ठेवलाच. आणि अडखळत, थांबत, पुन्हा धरत ती सांगू लागली. तिची आई खाणावळ चालवायची. ही लहानपणी बाहेर वाढायला जायची, पण गिऱ्हाईकं हिच्या बोलण्याची नक्कल करून हसायची. आईने एकाला ताटावरून उठवलं आणि हिला आत चुलीपाशी नेलं. मध्ये लाकडी पडदी. आत ही, बाहेर आई. "झालं" असं ओरडून सांगायचं तर तो शब्द सुटेपर्यंत खालचं करपायचं. मग हिने काठावर कालथा वाजवला. बाहेरून आईने पडदीच्या फळीवर पळी वाजवली. टक. ऐकलं. त्या दिवसापासून मायलेकी दिवसभर गप्पा मारायच्या. आई दमली आहे की रागावली आहे, हेसुद्धा तिला फळीवरच्या आवाजातून कळायचं.

"आणि इथे?" तोंडावरचा हात निघाल्यावर कंडक्टरने विचारलं.

"इ... इथे काय," ती म्हणाली. "स... सवय. उ... उत्तर कोण देणार?"

एवढं बोलून ती पुन्हा पातेल्याकडे वळली. कंडक्टर दारात उभा राहिला. तीस वर्षं तरी झाली असतील लग्नाला. तीस वर्षं ही बाई चार भिंतींना सांगत होती की आता ढवळा, आता घाला, आता उतरवा. आणि तो बाहेर बसून पेपर वाचत होता आणि म्हणत होता, अगं, जरा हळू.

संगीत त्याच दिवशी गेलं. पुढच्या आठवड्यात बाईंचा पुन्हा फोन आला. आभार मानले आणि म्हणाल्या, "काकूंनी एकदा आमच्याकडे येऊन शिकवावं अशी सगळ्यांची इच्छा आहे. टकटक तर कळते, पण कांद्याचा वास कसा बदलतो, लोणी कधी तयार झालं समजायचं, हे त्यांच्या तोंडून ऐकायचं आहे."

फोनचा स्पीकर चालू होता. कंडक्टर म्हणाला, "येऊ की. ती करील, मी बोलेन."

"न... नाही," मागून आवाज आला. "मी. मी बो... बोलेन."

घरात मग तालीम सुरू झाली आणि तालमीने उच्छाद मांडला. ती चुलीपाशी उभी राहायची, समोर कंडक्टर वर्ग म्हणून बसायचा. "आ... आधी लो..." "लोणी!" "लो... लोणी पातेल्यात घा..." "घालायचं! छान!" तिसऱ्या दिवशी तिने कालथा उगारला. मारला नाही, पण दाराकडे रोखला. कंडक्टर निमूट बाहेर जाऊन बसला. आतून तिचा आवाज येत राहिला, एकाच शब्दाशी झुंजणारा, आणि त्याच्या जिभेला मुंग्या येत राहिल्या. त्याला भीती वाटत होती. त्या खाणावळीतलं हसू इतक्या वर्षांनी पुन्हा ऐकायला लागलं तर ही कायमची मिटेल, हे त्याला न सांगता कळत होतं.

केंद्राचं स्वयंपाकघर लांबलचक होतं. दोन्ही बाजूंना ओटे, प्रत्येक शेगडीपाशी एक माणूस. एक शिवणकाम करणारी बाई होती, एक धिप्पाड वेल्डर होता, एक म्हातारे गृहस्थ होते ज्यांनी बायको असेपर्यंत चहासुद्धा केला नव्हता. सगळे हात धुऊन तयार. बाई म्हणाल्या, "काकू, आधी आमचं जरा ऐका. तुम्हाला कळेल आम्ही कुठपर्यंत आलोय." आणि त्यांनी फोनवर एक जुना व्हिडिओ लावला. संगीताच्या आधीचा.

व्हिडिओतून कांदा चर्र करत होता. सगळी डोकी एका बाजूला कलली. कोणी हलेना. मग फोनमधून आलं, टक. सात-आठ कालथे एकदम फिरले. पुन्हा शांतता. वेल्डरने नाक पातेल्यावर नेलं, हसला आणि थांबला. टक टक. आणि सगळ्यांनी, एकाच वेळी, वाटीतले बटाटे पातेल्यात सोडले. कुणाचा तुकडा बाहेर पडला नाही, कुणाचा हात भाजला नाही. कंडक्टरने आयुष्यात पुष्कळ गर्दी पाहिली होती, पण सात-आठ माणसं एका इशाऱ्यावर अशी हललेली पाहिली नव्हती.

आणि मग ते झालं. बटाटे पडल्यावर शिवणवाल्या बाईंनी कालथा काठावर वाजवला. टक. पलीकडून म्हाताऱ्यांनी. टक. वेल्डरने जरा जोरात. टक. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"हे काय?" कंडक्टरने हळूच विचारलं.

"घातलं, असं सांगायची आमची रीत," बाई म्हणाल्या. "मला दिसत नाही ना. ऐकलं की कळतं, सगळे आले बरोबर. आम्हीच ठरवलं."

कंडक्टरने बायकोकडे पाहिलं. ती भिंतीला टेकली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं. ही रीत या लोकांना कुणी शिकवली नव्हती. खाणावळीतली ती फळी, ती पळी, ते एकच टक, ते सगळं त्या पडदीमागे आईबरोबर संपलं होतं. आणि इथे परक्या माणसांनी, अंधारात चाचपडत, तेच उत्तर शोधून काढलं होतं. याला काय म्हणायचं?

मग तिची पाळी आली. प्रत्येकाने धुतलेलं पातेलं शेगडीवर ठेवलं, लोण्याचा गोळा सोडला. ती मधोमध उभी राहिली. कंडक्टर तिच्या मागे, हाताची घडी घालून, दात आवळून.

"आ... आता ऐका," ती म्हणाली. "लोणी त... तडतडतंय. त्यातलं पा... पाणी जातंय. जाऊ द्या."

कुणी हसलं नाही. कुणी छताकडे बघण्याचा तर प्रश्नच नव्हता. सगळे ऐकत होते, नुसते ऐकत होते. लोणी तडतडत राहिलं, फेसाळलं, मग त्याचा आवाज बारीक झाला.

"लोणी ग..." ती म्हणाली. "ग... ग..."

अडलं. पुढे जाईना. ओठ थरथरले, मान ताठ झाली. पातेल्यांतला शेवटचा आवाज विझला. आता कांदा पडायला हवा होता, नाही तर लोणी जळणार, आणि एकाच्या नाही, सगळ्यांच्या पातेल्यात. कंडक्टरला शब्द ठाऊक होता. गप्प. लोणी गप्प झालं की कांदा घाला. तालमीत शंभरदा ऐकलेलं. तो त्याच्या जिभेच्या टोकावर येऊन उभा होता, दारात लटकलेल्या प्रवाशासारखा. तिने हात कालथ्याकडे नेला. दोन वेळा वाजवलं की सुटका. पण हात अर्ध्यावरच थांबला. आज तिला तोंडाने सांगायचं होतं.

कंडक्टरची मूठ वर आली. बाजूला दार होतं, लाकडी, वाजवायला छान. पण दोन ठोके वाजले की सगळे कांदा सोडतील आणि तिचा शब्द तोंडातच राहील, हे वेळीच त्याच्या ध्यानात आलं. मग त्याने हात पुढे केला आणि तिच्या पाठीवर, मानेच्या खाली, एका बोटाने हलकेच दोनदा वाजवलं. कुणाला ऐकू जाणार नाही असं. चल. रस्ता मोकळा आहे.

तिचे खांदे खाली आले.

"ग... गप्प झालं," ती म्हणाली. "लोणी गप्प झालं की क... कांदा घाला. घाला आता."

सगळीकडून एकदम चर्र झालं आणि मागोमाग, या टोकापासून त्या टोकापर्यंत, टक, टक, टक. तिने आपला कालथा उचलला आणि काठावर एकदाच वाजवला. ऐकलं.

त्या दिवशी ती आणखी पुष्कळदा अडली. एकदा तर "मिरपूड" म्हणायला इतका वेळ लागला की सगळ्यांनी दरम्यान बटाटे ढवळून घेतले. निघताना वेल्डर म्हणाला, "काकू, तुम्ही थांबत थांबत सांगता ते बरं. बाकीचे लोक भराभर बोलतात, आमचा हात मागे राहतो." तिला वाटलं तो बरं वाटावं म्हणून म्हणतोय. पण तो मुळात तसं काही म्हणणारा दिसत नव्हता.

परतताना बस भरलेली होती. दोघांना कशीबशी जागा मिळाली. नव्या दमाचा कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला आणि तिच्यापाशीच थांबला.

"कुठे?"

तिने तोंड उघडलं. पहिलं अक्षर आलं आणि तिथेच राहिलं. मागून कोणी तरी च्च केलं. पोरगा घाईत होता. "बाजार? स्टेशन? लवकर बोला काकू, गाडी उभी आहे." मग त्याने नवऱ्याकडे पाहिलं. "काका, तुम्ही सांगा ना."

"थांब जरा," जुना कंडक्टर म्हणाला. "बोलतेय ना ती."

"अहो, पण गाडी..."

"थांबू दे गाडी."

सगळी बस थांबली. खिडकीतली माणसं वळून बघू लागली. तिने घाई केली नाही. थांबली, पुन्हा धरलं, पुन्हा थांबली, आणि आपल्या थांब्याचं नाव सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः उच्चारलं. वर म्हणाली, "दो... दोन."

पोरग्याने दोन तिकिटं तिच्या हातात ठेवली, हात वर करून दोर ओढला, आणि दोन घंट्या वाजल्या.